हात मोकळे ठेव

१२ जानेवारी, रविवार

मुंगी,

आज सहाला उठलो. दूध आणलं, कपडे भिजवले. साडेदहाला बाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे दीड तास होतो. काही न घेता परत आलो. दुपारी सकाळचंच गरम करून जेवलो आणि थोडा पडलो. आता चार वाजलेत.

चौदा महिन्यांत तुला पत्र लिहिलं नाही. शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, आता मला काही विचारू नका आणि सांगूही नका." ते मी पाळलं. आजही विचारण्यासाठी लिहीत नाही. एक काम निघालंय. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

मावशी परवा येऊन गेली. तिच्याकडून कळलं की तू ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दर रविवारी डोंगर चढायला जातेस, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. "आईच्या वळणावर गेलीय," मावशी म्हणाली.

मी विचारलं, "दम्याचा पंप नेते का?"

"नेत असेल की. एवढी मोठी बाई झाली ती. तुम्ही काय आता तिच्या दप्तरात डबा भरून देणार आहात?"

"नेते तर ठेवते कुठे?"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

तर मला तुझ्यासाठी कमरेला बांधायचा पाउच घ्यायचाय. सॅक नाही. सॅक पाठीवर असते, काढून ठेवता येते, दुसऱ्याकडे देता येते. कमरेला बांधलेली वस्तू माणूस सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही.

दुकानाची मालकीण चाळिशीची आहे. तिने मला ओळखलं. तिच्या वडिलांचं पूर्वी त्याच जागी धान्याचं दुकान होतं.

"काका, तुम्ही वजनमापवाले ना? आमच्या काट्यावर शिक्का मारायला यायचात. चहा विचारला की म्हणायचात, नको."

"ड्यूटीवर घ्यायचा नसतो."

"आता कुठे ड्यूटी आहे? घ्या."

घेतला. तिने नऊ पाउच काढून समोर मांडले. कोणासाठी म्हणून विचारलं, मी म्हटलं मुलीसाठी. रंग कुठला, तर म्हटलं कुठलाही चालेल.

"कुठलाही चालेल म्हणणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बदलायला येतं," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, मला तीन गोष्टी हव्यात. अर्धा लिटर पाणी मावलं पाहिजे. एक लहान कप्पा असा पाहिजे की त्यात एकच वस्तू राहील, तिच्याबरोबर दुसरं काही नाही. आणि तो कप्पा एका हाताने, न बघता उघडता आला पाहिजे. ती म्हणाली, असं कोणी आजवर विचारलं नव्हतं, लोक मोबाइल बसतो का एवढंच विचारतात. मी नऊही पाउच उघडून बघितले. माझं ठरलं नाही.

आईच्या सॅकवरून आपलं काय झालं ते मला आठवतं. मी तेव्हा सांगितलं होतं की ती देऊन टाकली. त्याबद्दल आज लिहीत नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कमरेचं माप मात्र हवंय. मावशीला कळवलंस तरी मला पोचेल.

बाबा


२१ जानेवारी, मंगळवार

मुंगी,

मावशीने माप कळवलं, अठ्ठावीस इंच. ते तू सांगितलंस का तिनेच अंदाजाने ठोकून दिलं, हे मी विचारलं नाही.

मालकीणबाईंनी तीन पाउच घरी नेऊ दिले. मी पैसे ठेवायला लागलो तर म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही एका ग्रॅमसाठी माझ्या बाबांना तीन हेलपाटे घालायला लावलेत. तुम्ही कुठे पळून जाणार?"

तीन दिवस ते तपासतोय. तुला कळावं म्हणून लिहितो.

काळा सगळ्यांत मोठा आहे. रिकामा चारशे वीस ग्रॅम भरला. त्यात दोन बाटल्या बसतात, पट्ट्याला आतून जाड स्पंज आहे. पण भरला की मागे लोंबतो आणि दर पायरीला पाठीखाली आपटतो. तीन जिने चढून उतरलो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारलं, "काही हरवलंय का?"

हिरवा दीडशे ग्रॅमचा आहे. बांधलाय हे कळतसुद्धा नाही. पण कप्पा एकच. किल्ल्या, रुमाल, बिस्किटं सगळं त्यातच जातं, आणि जी वस्तू लागेल ती नेमकी तळाला.

राखाडी मधला. बाटली उजव्या बाजूला तिरकी बसते, त्यामुळे हलत नाही. पुढे मुठीएवढा वेगळा कप्पा आहे. चेन मऊ आहे, पण ओढायची पट्टी अगदी बारीक. घामेजल्या बोटांत येत नाही.

औषधाच्या डब्यात तुझा शाळेतला रिकामा पंप सापडला. तो एकेका पाउचमध्ये ठेवून काढायला किती वेळ लागतो ते मोजत होतो. आधी उभा राहून, मग बसून, मग जमिनीवर डाव्या कुशीवर आडवा होऊन. तेवढ्यात कंपास आला. तुला तो आठवत असेल, माझ्याबरोबर ऑफिसात होता. तपासणीच्या दौऱ्यावर त्याने आम्हाला तीनदा भलत्याच गावात नेलं, तेव्हापासून सगळे त्याला कंपास म्हणतात. दार उघडंच होतं.

"अरे! पडलास की काय?"

"नाही. मोजतोय."

"जमिनीवर पडून?"

"सेकंद मोजतोय. आलायस तर घड्याळ धर."

त्याने बूट काढले, खुर्ची ओढली आणि घड्याळ धरलं. आधी हसत होता. "हा माणूस रिटायर झाला तरी शिक्के मारायचे सोडत नाही," वगैरे. मग माझ्या लक्षात आलं, तो हसायचा थांबलाय.

हिरव्यातून आडवं असताना बावीस सेकंद लागले. काळा कुशीवर वळलं की पाठीमागे सरकतो, त्यातून निघालाच नाही. राखाडीतून उभ्याने सहा, आडव्याने चौदा. मग त्याच्या चेनीला बुटाच्या नाडीचा तुकडा गोल बांधला, बोट अडकेल असा. त्यावर आठ झाले.

कंपास म्हणाला, "पोरगी पडणार असं धरूनच चाललायस का तू?"

"मागच्या वेळी धरलं नव्हतं," मी म्हटलं.

त्याने घड्याळ खाली ठेवलं. चहा घेतला. जाताना छताखालच्या माळ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, ते सोडून देतो.

राखाडीच घेईन असं वाटतंय. पण जिना म्हणजे टेकडी नव्हे. एकदा टेकडीवर बघावा लागेल.

बाबा


२ फेब्रुवारी, रविवार

मुंगी,

आज टेकडीवर गेलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. सव्वासहाला निघालो, नवाला घरी होतो.

पट्टा माझ्या मापाला सैल करून घेतला होता. बाटली, रुमाल, एक संत्रं, आणि पुढच्या कप्प्यात तुझा रिकामा पंप. पाउच चांगला आहे. पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडाच्या जरा वर बांध. पोटावर बांधला तर चढावर श्वासाला अडतो. तुला ते नकोच. बाटली उजवीकडे ठेव म्हणजे डावा हात पुढच्या कप्प्यावर सरळ येतो. चढताना एकदाही आपटला नाही.

वरपर्यंत गेलो नाही. तिसऱ्या वळणावर तो दगडी कठडा आहे, तिथून फिरलो.

तुला एक गोष्ट माहीत नाही. असा पाउच आईला हवा होता. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी आम्ही बूट घ्यायला त्याच दुकानात गेलो होतो. तिथे तिने एक पाउच कमरेला बांधून आरशात बघितलं. म्हणाली, "अहो, बघा ना, बसच्या कंडक्टरसारखी दिसते का मी?" मी म्हटलं, थोडीशी. ती म्हणाली, "दिसू दे. माझं सामान माझ्याजवळ राहील." मी म्हटलं, "सॅक आहे ना एवढी मोठी. आणि ती उचलायला मी आहे." तिने सोडून ठेवला. विक्रेत्याने घडी घालून तो परत खणात ठेवला, ते मला अजून दिसतं.

मला तेव्हा वाटलं, मी तिचं ओझं वाचवलं. लग्न झाल्यापासून मी तिला कधी काही उचलू दिलं नाही. गाडीत चढताना, बाजारात, टेकडीवर, सगळीकडे पिशवी माझ्या हातात. तुझी मावशी चारचौघांत त्याचं कौतुक करायची, आणि ते मला आवडायचं.

पाउच उद्या पार्सलने पाठवतो. पट्टा तुझ्या मापाला आवळलाय. टोक लांब उरलं तर कापशील, पण कापल्यावर काडीने जाळून घे, नाहीतर धागे सुटत जातात. हे मालकीणबाईंनी सांगितलंय.

बाबा


२३ फेब्रुवारी, रविवार

मुंगी,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तीन ओळी आहेत, त्या पाठ झाल्यात. "पाउच मिळाला. बरा आहे. आईची सॅक कोणाला दिलीत त्याचा पत्ता कळवा, मी त्यांच्याकडून मागून घेईन."

पत्ता नाही. सॅक कोणालाही दिली नाही. ती माळ्यावर होती, जुन्या पंख्याच्या मागे. गुरुवारी संध्याकाळी खाली काढली. आता टेबलावर आहे, आणि मी तिच्या शेजारी बसून हे लिहितोय.

का लपवली ते लिहितो. तीन दिवस लिहून फाडतोय. हे फाडणार नाही.

तू दवाखान्यात मला विचारलं होतंस, "पंप कुठे होता?" मी म्हणालो, तिच्या हातात होता. तिने चार-पाच वेळा घेतला पण उपयोग झाला नाही. तू पुन्हा विचारलंस, आणि मी पुन्हा तेच म्हणालो. तसं काही झालं नव्हतं. पंप माझ्या पाठीवर होता.

आमची चालायची रीत तुला माहीत आहे. मी माझ्या वेगाने पुढे जायचं, तिने तिच्या वेगाने मागून यायचं, वरच्या बाकावर भेटायचं. मध्ये हाका मारायच्या नाहीत. एकदा तिला उशीर झाला म्हणून मी बघायला खाली उतरलो होतो, तर ती चिडली. "मी काय हरवायची वस्तू आहे?" तेव्हापासून मी वरच थांबायचो.

त्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत बरोबर होतो. तिच्या एका हातात रुमाल होता, एका हातात पंप. घरून निघताना दोनदा घेतला होता, हवा गार होती म्हणून. तिच्या कपड्यांना खिसा नव्हता. मी म्हटलं, "दे इकडे. हात मोकळे ठेव." तिने दिला. मी सॅकच्या बाजूच्या कप्प्यात टाकला आणि पुढे गेलो. आमचे दोघांचे फोनही त्याच सॅकमध्ये होते.

वर जाऊन मी संत्रं सोललं. अर्धं तिच्यासाठी रुमालावर ठेवलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. वाटलं, बसली असेल कुठेतरी पक्षी बघत. उतरलो तर चिडेल. पंचवीस मिनिटांनी एक जोडपं वर आलं. त्यातली बाई म्हणाली, "खाली कठड्यापाशी एक बाई गुडघ्यांवर डोकं ठेवून बसल्यात. आम्ही विचारलं तर त्यांनी हाताने वर दाखवलं."

हाताने वर दाखवलं म्हणजे माझ्याकडे दाखवलं.

मी धावत उतरलो. पुढचं तुला माहीत आहे. पंप तिच्या तोंडाशी धरला, पण दाबण्यात अर्थ नव्हता, श्वासच आत जात नव्हता. मी दाबला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंप वेळेवर मिळाला असता तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही. त्या वाक्याला मी पुष्कळ दिवस धरून राहिलो, हेही सांगतो. पण त्यांनी वाचल्या नसत्या असंही म्हटलं नव्हतं.

पंपाच्या पाठीला किती वेळा दाबायचं उरलंय ते दाखवणारी आकड्यांची छोटी खिडकी असते, ते मी तुला काय सांगणार. हा पंप आदल्या दिवशीच नवा आणला होता, दोनशेचा. खिडकीत एकशे अठ्ठ्याण्णव आहे. सकाळचे दोन तेवढे गेलेत. तू सॅक मागितलीस तेव्हा मला पहिल्यांदा तो आकडाच डोळ्यांसमोर आला. तू सॅक उघडणार, कप्प्यात हात घालणार, खिडकी बघणार. चार-पाच वेळा घेतला म्हणणारा माणूस खोटा हे तुला तिथेच कळलं असतं. म्हणून म्हणालो, देऊन टाकली. तू म्हणालीस, "आईची वस्तू मला न विचारता तुम्ही पंधरा दिवसांत वाटून टाकलीत?" मी ऐकून घेतलं. निर्दय ठरलेलं परवडलं, दुसरं कळायला नको होतं.

आणखी एक. मागच्या उन्हाळ्यात मी एकदा सॅक खाली काढली होती. पंप हातात घेतला. पाच वेळा दाबला की आकडा एकशे त्र्याण्णव झाला असता आणि सॅक तुला पाठवता आली असती. अंगठा वर ठेवलाही होता. मग परत कप्प्यात ठेवून दिला. माझ्यापाशी खरेपणा आहे असं समजू नकोस. तेव्हा जमलं नाही, एवढंच.

पंचवीस वर्षं लोकांचे काटे तपासले. कमी मापाला दंड केला, माणसं हात जोडायची, तरी केला. आणि तुला मी खोटं माप दिलं.

सॅक उद्या पाठवतो. आत काही हलवलेलं नाही. दोन्ही फोन मात्र त्याच दिवशी काढले होते. बाजूच्या कप्प्यात पंप आहे, मोठ्या कप्प्यात तिची लोकरी टोपी आणि पक्ष्यांची वही. शेवटचं पान तिने अर्धं लिहिलेलं आहे.

माफ कर असं लिहिणार होतो. पण ते मागायला तुझ्याकडे काही शिल्लक ठेवलंय का मी, ते कळत नाही. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता तुझ्याकडे आलं.

मैत्रिणी कितीही म्हणाल्या, दे इकडे, तरी तो पाउच देऊ नकोस.

बाबा


१६ मार्च, रविवार

मुंगी,

आज सहाला उठलो. दूध आणलं.

सॅक गेल्यावर माझ्याकडे टेकडीवर न्यायला काही उरलं नाही, म्हणून काल दुकानात जाऊन स्वतःसाठी पाउच घेतला. राखाडी संपले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "काळा न्या काका, तुम्ही त्याला एवढी नावं ठेवलीत की तो बिचारा तसाच पडलाय." मुलीला पाउच आवडला का विचारलं. मी म्हटलं, अजून कळलं नाही. त्यांनी चहा मागवला.

तुझं पोस्टकार्ड घरी येऊन पडलं होतं. तीन आठवडे काही आलं नव्हतं, येईल असं मी धरलंही नव्हतं. आधी उभ्याने वाचलं, मग चष्मा लावून. एकच ओळ आहे.

"आडवं होऊन, डाव्या हाताने, सात सेकंद."

खाली नाव नाही. मागे पुढे बघितलं, आणखी काही नाही. तू रागावली आहेस की कसं, ते यावरून सांगता येत नाही आणि मी तसा अर्थ काढायला बसणार नाही. पण तू जमिनीवर आडवी झालीस आणि मोजलंस. माझ्यापेक्षा एक सेकंद कमी. तुझी बोटं आईसारखी लांब आहेत.

सात चांगले आहेत. नाडीचा गोल थोडा मोठा केलास तर सहा होतील.

आज टेकडीवर गेलो. मागून येणारं कोणी नव्हतं, तरी सावकाश चढलो. कठड्यापाशी बसलो. बराच वेळ बसलो. मग वरपर्यंत गेलो. बाकावर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांनी सरकून जागा दिली. काळा पाउच अजूनही आपटतो.

हे पत्र पाकिटात घालून ठेवतो. पट्टा मला वीतभर लांब होतोय. कात्री काढली आहे, काडेपेटी शेगडीपाशी आहे. जास्तीचा कापतो आणि टोक जाळून घेतो.

बाबा